खोक्यावर ‘अनंत’, आत आठ इंच: डॉब्सोनियन दुर्बीण कोल्हापुरातून किती लांब पोहोचते

आठ इंची डॉब्सोनियनच्या (लाकडी बैठकीवर हातानं फिरवायच्या, आरशाच्या दुर्बिणीच्या) जाहिरातीत ‘अनंत विश्व तुमच्या अंगणात’ या धर्तीचं एखादं वाक्य असतंच. अंगणाचं ठीक आहे. अनंताचं मात्र तपासायला हवं, कारण दुर्बीण घरात आली की पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात: यातून शेवट दिसतो का? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी दुर्बीण कुठं थांबते आणि कशामुळे थांबते ते बघावं लागतं. आरसा अपुरा पडतो म्हणून, गावातला उजेड आडवा येतो म्हणून, प्रकाशच अजून पोहोचलेला नाही म्हणून, की पुढे खरंच काही नाही म्हणून? या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे टाकून यातल्या पहिल्या दोनच सरकतात.

आठ इंची म्हणजे मुख्य आरशाचा व्यास २०३ मिमी आणि फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जिथं जुळतं तिथवरचं अंतर) १२०० मिमी. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की एफ ५.९. कंपनी कुठलीही घ्या, या मापाच्या तयार डॉबमध्ये आरशांत फारसा फरक नसतो. फरक असतो तो फोकसर (चित्र स्पष्ट करायला मागेपुढे सरकणारी नळी), फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि बैठकीच्या लाकडात. सोबत साधारणपणे २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, मिळतात. १२०० ला आयपीसच्या मिमीनं भागलं की ४८ पट आणि १२० पट. खोक्यावर ४०० पट वगैरे छापलेलं असेल तर सोडून द्या. आपल्याकडच्या बहुतेक रात्री २०० च्या वर गेलं की गुरू उकळत्या पाण्यातल्या बटाट्यासारखा हलतो.

पटीपेक्षा महत्त्वाचा आकडा प्रकाशाचा. अंधारात पूर्ण उघडलेली बाहुली ७ मिमीची धरली, तर हा आरसा नुसत्या डोळ्याच्या सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. डोळ्यांना सहाव्या प्रतीचा तारा जेमतेम दिसतो तिथं आठ इंची साडेतेराव्या प्रतीपर्यंत उतरते, सरावलेल्या नजरेला चौदाव्यापर्यंत. (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद. हे उलटं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या, पुढे सगळं त्यावरच आहे.)

वजन नळीचं ११ किलोच्या आसपास आणि बैठकीचं १५. म्हणजे गच्चीवर न्यायची तर दोन फेऱ्या. नळी जवळजवळ चार फूट लांब. गाडीच्या मागच्या सीटवर आडवी बसते, पण छोटी हॅचबॅक असेल तर पैसे देण्याआधी दारांच्या आतलं अंतर टेपनं मोजा. दुचाकीवरून न्यायचा विचार करू नका.

पन्हाळ्याचा घाट चढला की कॉलिमेशन, म्हणजे दोन आरशांची एका रेषेतली जुळणी, हललेली असते हे धरूनच चाला. नळी आडवी ठेवून काम करा. उभ्या नळीत ॲलन की हातातून सुटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. आधी पुढचा छोटा आरसा: त्याच्या तीन बारीक स्क्रूंपैकी एक सैल केला की दुसरा तितकाच आवळायचा, तिन्ही एकदम सैल करायचे नाहीत. फोकसरमधून बघताना मुख्य आरशाची कड पूर्ण आणि सारखी दिसली की हा भाग झाला. मग मागच्या तीन लॉक स्क्रूंना अर्धा फेरा ढिलं करून स्प्रिंगवाल्या तीन मोठ्या नॉबनी मुख्य आरसा हलवायचा, मधली खूण छोट्या आरशातल्या प्रतिबिंबाच्या मध्यावर येईपर्यंत. शेवटी लॉक आवळताना जुळणी पुन्हा किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर परत बघा. काही किटमध्ये लेझर येतो, पण तो स्वतःच तिरका असू शकतो. फोकसरमध्ये लेझर गोल फिरवा; आरशावरचा लाल ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. फिल्म रोलच्या जुन्या डबीच्या झाकणाला बरोबर मध्यावर दोन मिमीचं भोक पाडलं तर ती डबी अशा लेझरपेक्षा खरं बोलते.

आता जागा. राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या गच्चीवरून साडेबाराव्या प्रतीच्या पुढे जाणं अवघड. एलईडी दिवे आहेतच, शिवाय शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीचा उजेड आहे. हंगामात गुऱ्हाळांचा धूर आणि पाला जाळल्याचा धुरकटपणा क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंत सगळं खाऊन टाकतो. मसाई पठार शहरापासून साधारण तीस किलोमीटर. तिथं शहराचा उजेड आग्नेयेला राहतो, दक्षिण आणि पश्चिम बरी काळी मिळते, आणि आठ इंचीला एक प्रत तरी जास्त सापडते. एक प्रत म्हणजे प्रकाशात २.५ पट फरक, आणि तसाच दिवा १.६ पट लांब ठेवला तरी दिसेल असा अर्थ. हाच फायदा गच्चीवर बसून मिळवायचा तर तेरा इंची आरसा घ्यावा लागेल. पठारावर वाऱ्याचा त्रास असतो. नळी शिडासारखी हलते, त्यामुळे गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा. रात्री थांबण्याबद्दल वनखात्याकडे आधी विचारा. गगनबावडा याहून काळा, पण कोकणातून वर चढणारं धुकं मध्यरात्रीनंतर कधी येईल सांगता येत नाही.

पोहोचल्या पोहोचल्या ग्रहांवर दुर्बीण लावून ‘आरसा खराब आहे’ असं ठरवू नका. गाडीतून काढलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण ते एक तास घेतो. तोवर त्याच्यावरून गरम हवा उठत राहते आणि तारे लोकरीसारखे फुगीर दिसतात. आरशामागं १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा बसवला तर वेळ अर्ध्यावर येतो.

अंतराची चाचणी घ्यायची तर जवळून सुरुवात करा. किरणोत्सवात अंबाबाईच्या चरणांवर पडणारा किरण सूर्यावरून निघून सव्वाआठ मिनिटं झालेली असतात, हे कोल्हापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. एप्रिलच्या रात्री दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघा. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, त्यामुळे तो क्षितिजापासून २६ अंश वर येतो. उत्तर भारतातल्यांना तो इतका वर मिळत नाही. ४८ पटीत साखर सांडल्यासारखा दिसतो. घरच्यांच्या तोंडून ‘नाद खुळा’ निघतो तो इथंच. त्याचा प्रकाश सुमारे १७ हजार वर्षं जुना. हिवाळ्यात देवयानी दीर्घिका: २५ लाख वर्षं. मग कन्या राशीतली एम ८७ ही दीर्घिका: सुमारे ५.३ कोटी वर्षं. दिसायला हा नुसता गोल, मध्यावर किंचित उजळ असा धुरकट ठिपका, पण ज्या पठारावर दुर्बीण उभी आहे त्याच्या पोटातला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थिजून कोटीभर वर्षं झाली होती तेव्हा हा प्रकाश तिथून निघाला. एम ८७ कोल्हापुरात जवळजवळ डोक्यावर येते, आणि नेमकं तिथंच डॉब अडतं: नळी उभी झाली की डाव्या-उजव्या हालचालीला पकड राहत नाही, बैठक झटक्यानं फिरते. तासभर थांबा, ती पश्चिमेला कलू द्या.

या सगळ्याच्या पलीकडचा एक ठिपका आहे, आणि खोक्यावरच्या ‘अनंत’ची खरी परीक्षा तोच घेतो: ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा पण अतिशय लांबचा, कमालीचा तेजस्वी ठिपका. प्रत १२.९ च्या आसपास, थोडी कमी-जास्त होते. हंगाम मार्च-एप्रिल. फाल्गुन अमावास्या, म्हणजे पाडव्याची आदली रात्र, सगळ्यात सोयीची, कारण चंद्राचा त्रासच नाही. चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा असते. पूर्ण चंद्र आणि त्या बाजूला वाहनांचे दिवे, तो आठवडा सोडून द्या. एप्रिलच्या मध्याला साडेअकराच्या सुमारास क्वेसार ७५ अंशांवर येतो. दुपारी वळीव पडून गेला असेल तर हवा धुतलेली मिळते.

शोधायची रीत अशी. कन्येतला ईटा व्हर्जिनिस, प्रत ३.९, नुसत्या डोळ्यांनी धरा. तिथून सरळ उत्तरेला चार अंशांवर पाचव्या प्रतीचा १६ व्हर्जिनिस आहे. फाइंडरच्या पाच अंशांच्या वर्तुळात दोघे एकदम मावतात. १६ व्हर्जिनिस मध्यावर आणून पूर्वेला सव्वादोन अंश आणि दक्षिणेला सव्वा अंश जा. २५ मिमीच्या आयपीसमध्ये साधारण एक अंशाचं आकाश दिसतं, म्हणजे पूर्वेला सव्वादोन आयपीस आणि खाली सव्वा, असं मोजत सरका. सरळ फाइंडर चित्र उलटं दाखवतो, त्यामुळे पूर्वेची दिशा दर वेळी ताऱ्यांच्या सरकण्यावरून ठरवा: नळी हलवली नाही की तारे पश्चिमेला पळतात. मग १० मिमीचा आयपीस लावा, आणि चौदाव्या प्रतीपर्यंतचा छापील नकाशा लाल उजेडात शेजारी धरा. इथं चुकतं ते जवळजवळ नेहमी एकाच कारणानं: मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की पुढची वीस मिनिटं डोळा कामातून जातो. नजर ठिपक्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवा. तेव्हा तो दिसतो, पुन्हा हरवतो, पुन्हा दिसतो. आकार नाही, शेपूट नाही, शेजारच्या ताऱ्यांपेक्षा वेगळं काहीच नाही. इथवर आलेल्या बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, आणि तो विकणाऱ्यांनी आधी सांगून ठेवायला हवा.

या ठिपक्याचा प्रकाश निघून सुमारे २ अब्ज वर्षं झाली. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा १५.८ टक्के लालकडे सरकलेल्या ओळखल्या, तेव्हा हा तारा नसून प्रचंड लांबची वस्तू आहे हे कळलं (विश्व पसरत असल्यानं वस्तू जितकी लांब, तितक्या तिच्या रेषा जास्त सरकतात). कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूचा हा उजेड. पुढे असे क्वेसार मोजत गेल्यावर दिसलं की आपल्या आसपास ते विरळ आहेत. सगळ्यात दाट आहेत ते सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात. म्हणजे विश्व सदासर्वकाळ एकसारखं नव्हतं, त्याला तारुण्य होतं.

आता यातली गंमत बघा. या दुर्बिणीला ज्यांचं नाव आहे ते जॉन डॉब्सन १९४४ ते १९६७ कॅलिफोर्नियातल्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. भंगारातल्या काचा घासून आरसे करायचे आणि फुटपाथवर लोकांना आकाश दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. बिनमोटरची, लाकडी डब्यातली ही बैठक त्यातूनच आली. विश्वाची सुरुवात महास्फोटानं (बिग बँग) झाली, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही. आणि ज्या गावात आपण ही दुर्बीण तपासतोय त्याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर स्थितीच्या, म्हणजे सदैव एकसारख्या राहणाऱ्या विश्वावर त्यांनी काम केलं, आणि १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुरुवात नसलेल्या, आळीपाळीनं फुगणाऱ्या-आकसणाऱ्या विश्वाची मांडणी केली. काळाच्या बाजूनं अनंत असलेलं विश्व, थोडक्यात. क्वेसारांची मोजदाद आणि १९६५ मध्ये जाहीर झालेली मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी (विश्व तापलेलं होतं तेव्हाचा, आजही सगळीकडून येणारा मंद प्रकाश) यांनी बहुतेक शास्त्रज्ञांचं पारडं दुसरीकडे झुकवलं. डॉब्सनच्या लाकडी डब्यातून दिसणारा सगळ्यात लांबचा ठिपका डॉब्सनच्याच विरोधात साक्ष देतो, हे या यंत्राचं खोक्यावर न छापलेलं वैशिष्ट्य.

पण काळाची सुरुवात आणि जागेचा शेवट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि इथंच सर्रास गल्लत होते. आयपीसमधला ताऱ्यांमधला काळा भाग दाखवून ‘बघा, पुढे काही नाही’ असं सांगणारे भेटतात. उलट, जागा अनंत, तारे सगळीकडे आणि काळही अनंत असता, तर प्रत्येक नजरेच्या रेषेवर कुठं ना कुठं तारा आला असता आणि रात्र सूर्यासारखी पेटलेली दिसली असती. १८२३ मध्ये ओल्बर्स यांनी मांडलेला हा पेच. उत्तर असं की विश्वाला फक्त १३.८ अब्ज वर्षं झाली आहेत, त्यामुळे लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून वाटेत आहे. प्रसरणानं जो येतो तोही मंदावतो. आयपीसमधला काळोख वेळेची मर्यादा दाखवतो. जागेबद्दल तो काहीच सांगत नाही.

दिसू शकणाऱ्या विश्वाची हद्द, प्रसरण धरून, आज सर्व बाजूंनी सुमारे ४६.५ अब्ज प्रकाशवर्षं आहे. तिथं भिंत नाही. समुद्रात होडीतून क्षितिज दिसतं तशी ही हद्द. आणखी कुणी आपल्यापासून दहा अब्ज प्रकाशवर्षं लांब असेल तर त्याची हद्द त्याच्याभोवती. जैन परंपरेत लोकाकाश चौदा रज्जू उंच, मोजता येण्याजोगं, आणि त्याच्या पलीकडचं अलोकाकाश अनंत, अशी विभागणी आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत ती ठाऊक असते. आजच्या विश्वशास्त्राची मांडणी वेगळी आहे, पण ‘दृश्य विश्व’ आणि ‘विश्व’ हे दोन शब्द तेही काटेकोर वेगळे ठेवतं, आणि दुर्बिणीच्या माहितीपत्रकांनीही ठेवले तर बरं होईल.

पलीकडे जागा संपते का, याचा पुरावा दुर्बिणीतून नाही तर आकारातून शोधतात. पृथ्वीच्या पाठीवर मोठा त्रिकोण काढला तर कोनांची बेरीज १८० च्या वर जाते. जागा तशी वाकलेली असती तर ती संपूनही कडा नसलेली असू शकली असती. आइनस्टाइन यांचं १९१७ चं विश्व असंच होतं. ही मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी मोजलेल्या प्लँक उपग्रहाची मापं दीर्घिकांच्या मोजणीशी जोडली तर वक्रता शून्याच्या ०.२ टक्क्यांच्या आतबाहेर येते, म्हणजे मोजता येईल तिथवर जागा सपाट. सपाट म्हणजे अनंतच, असं लगेच म्हणायचं मात्र नाही. जुन्या नोकियावरचा साप आठवा: उजव्या कडेतून बाहेर गेला की डावीकडून आत. पडदा सपाट, लांबी-रुंदी मोजकी, आणि तरी सापाला कड लागत नाही. जागेची घडी अशी असली तर पार्श्वभूमीच्या नकाशात दोन विरुद्ध बाजूंना जुळणारी वर्तुळं दिसायला हवीत. शोधली, सापडली नाहीत. याचा अर्थ एवढाच की अशी घडी असलीच तर ती दिसणाऱ्या भागाच्या तोडीची किंवा त्याहून मोठी असावी. रंकाळ्याला फेरी मारणाऱ्याला निघाल्या जागी परत आल्यावर कळतं की वाट गोल आहे. एवढ्या मोठ्या फेरीला प्रकाशालाच वेळ पुरलेला नाही.

तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी बैठकीची. लॅमिनेट चढवलेला पार्टिकल बोर्ड कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात कडेनं फुगतो. स्क्रूची भोकं मोठी होतात, बैठक डुगडुगते, आणि १२० पटीत तारा बोट लावलं तरी तीन सेकंद थरथरतो. नवी आणल्याबरोबर सगळ्या उघड्या कडा आणि भोकं मरीन फेव्हिकॉलनं बंद करा. फुगलीच तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका: जुने तुकडे नमुन्याला देऊन १८ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायमध्ये नवी बैठक कापून घ्या. मधला बोल्ट, वॉशर आणि टेफ्लॉनचे तुकडे उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून होतात. टेफ्लॉन मध्यापासून जितका बाहेर, तितकी हालचाल जड आणि स्थिर. दुसरी तक्रार फाइंडरची: ७५ अंशांवर सरळ फाइंडरमधून बघायचं तर मान मोडते. काटकोनी फाइंडर किंवा लाल ठिपक्याचा साधा दर्शक आधी घ्या, तिसरा आयपीस नंतर.

जून ते सप्टेंबर नळी दोन्ही बाजूंनी झाकून, आत सिलिका जेलच्या पिशव्या टाकून ठेवा, आणि पिशव्या दर पंधरा दिवसांनी बदला. नळीला प्लॅस्टिक गुंडाळून ती कोंदट खोलीत टाकली तर आरशावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग येतात, आणि ते ॲल्युमिनियमच्या थरात उतरले की थर नव्यानं चढवण्याशिवाय इलाज नाही. थोडी धूळ असेल तर हात लावू नका, तिनं चित्र बिघडत नाही. धुवायचाच झाला तर आरसा काढून आधी नुसत्या पाण्याच्या धारेखाली धरा, मग डिस्टिल्ड पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण, आणि कापसाचा बोळा स्वतःच्या वजनानंच सरकू द्या, दाबायचा नाही. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड पाणी, आणि आरसा उभा करून वाळवा.

दहा इंची घ्यावी का, हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. व्यास सव्वापट, म्हणजे अंतरही सव्वापट, आणि वजन जिना चढताना कळेल इतकं जास्त. शहराबाहेर महिन्यातून एकदा जाणं होणार असेल तर आठ इंची घ्या आणि उरलेले पैसे पेट्रोल, काटकोनी फाइंडर आणि प्लायच्या बैठकीत घाला. गच्चीच्या पलीकडे जाणारच नसाल तर सहा इंची पुरे. ३सी २७३ तिथून आठ-दहा इंचीतही नीट मिळणार नाही, आणि चंद्र, शनी, ओमेगा सेंटॉरीला एवढा आरसा लागत नाही.